बेलीफ, कंडक्टर आणि माझा संशय

शामराव,

तुम्ही गेल्याची बातमी घेऊन तुमचा पुतण्या अशोक सकाळी ऑफिसात आला, तेव्हा त्याला बसा म्हणायच्या आधी मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं? कोणत्या वॉर्डातून निरोप आला? स्वतः पाहिलं का?" तो तसाच दारात उभा राहिला. म्हणाला, "बाई, मीच होतो ना जी त्यांच्याजवळ." मग मी त्याला बसा म्हटलं.

तुम्ही असता तर हसला असता. रेशन ऑफिसात मी एकोणीस वर्षं इन्स्पेक्टर होते. मेलेली माणसं तिथे कार्डावर जिवंत असायची आणि जिवंत माणसं दोन-दोन कार्डांवर असायची. ती शोधून काढणं हे माझं काम. त्यामुळे कोणी मेलं म्हटलं तरी माझा लगेच विश्वास बसत नाही, आणि मजेत आहे म्हटलं तरी बसत नाही.

आज सोळा दिवस झाले. शोकसभेत लोक तुम्हाला सेवाभावी म्हणाले, निःस्वार्थी म्हणाले. एका गृहस्थांनी तर तुम्ही लहानपणापासूनच समाजसेवेकडे ओढले गेला होतात असं सांगितलं. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते, यांना कोणी सांगितलं? लहानपणी तुम्ही संत्र्याच्या बाजारात पेट्यांमध्ये गवत भरत होता. मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. तुमच्याबद्दल मला जे सांगायचं होतं ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. ते तुम्हालाच सांगायचं होतं, आणि इतक्या वर्षांत सांगितलं नाही.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा आलात. रामदासपेठेत डॉक्टरांच्या बंगल्यातली मोटार ठेवायची खोली हेच आपलं ऑफिस होतं. एक टेबल, दोन खुर्च्या आणि कपाट. काम एकच. वेड्यांच्या इस्पितळात बरी झालेली, पण ज्यांना न्यायला कोणी येत नाही अशी माणसं घरी पोचवायची. डॉक्टरांनी निवृत्तीनंतर हे काम सुरू केलं, कारण नोकरीत असताना कितीतरी लोकांच्या कागदावर त्यांनी 'बरा झाला' लिहिलं होतं आणि तो माणूस तिथेच म्हातारा झालेला पाहिला होता. मी कागदपत्रं सांभाळायला आले होते. घरं शोधायला माणूस हवा होता.

तुम्ही टेबलावर एक कागद ठेवलात. गिरणीच्या साचेखात्यात बदली कामगार. टुरिंग टॉकीजचा जाहिरातवाला. कोर्टात बेलीफ. एस.टी.त कंडक्टर. मधे कुठेतरी संत्रा बाजार. मी विचारलं, इतक्या नोकऱ्या का सोडल्या? तुम्ही मान थोडी तिरपी केलीत, प्रश्न परत विचारायला लावलात आणि म्हणालात, "काही मी सोडल्या, काहींनी मले सोडलं."

मला दोन्ही गोष्टी आवडल्या नाहीत, उत्तरही आणि ते तिरपं बघणंही. प्रश्न टाळायचा असला की माणूस ऐकू न आल्यासारखं करतो, हे मी हजार घरांमध्ये पाहिलं होतं. तुमच्या कागदाच्या मागे मी पेन्सिलीनं लिहिलं, 'चौकशी करावी.' डॉक्टर मात्र म्हणाले, हाच माणूस पाहिजे. ज्या घरात आपण नको आहोत त्या घरात जायची याला सवय आहे. मी म्हटलं, ती सवय चोरालाही असते.

आणि चौकशी मी खरंच केली, शामराव. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. कोर्टातल्या एका ओळखीच्या कारकुनाला गाठलं. तो म्हणाला, तुम्ही जप्तीच्या आदल्या दिवशी त्या घरी गुपचूप निरोप पाठवायचे. दुसऱ्या दिवशी हुकूम घेऊन जावं तर घरात चूल आणि माठ, बाकी काही नाही. दोनदा ताकीद मिळाली, तिसऱ्यांदा घरी बसवलं. मी तडक डॉक्टरांकडे गेले. आपण ज्याला ठेवलं तो हुकूम न पाळणारा माणूस आहे, असं सांगितलं. डॉक्टर आधी ऐकत राहिले आणि मग पोट धरून हसले. मला त्या हसण्याचा राग आला आणि तो राग मी तुमच्यावर काढला. तुम्ही जिथे जाल तिथून सरपंचाची सही आणायची, असा नियम मी त्याच आठवड्यात केला. तुम्ही मुकाट्यानं सह्या आणू लागलात. मग मी सह्या ताडून पाहू लागले.

गिरजाचं तर तुम्हाला आठवतच असेल.

बायकांच्या वॉर्डात खिडकीशी बसणारी. अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी तिला आणून सोडलं, गावाचं नाव खोटं लिहून दिलं आणि निघून गेलं. तिचा आजार कधीच ओसरला होता. ती भाजी निवडायची, दुसऱ्या बायकांच्या वेण्या घालायची, पण बोलायची नाही. रिकामी बसली की नुसते ओठ हलायचे, आवाज नाही. तुम्ही तीन फेऱ्यांमध्ये तिच्या समोर उभे राहून तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. मी ते लांबून पाहिलं आणि माझ्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. डॉक्टरांना सांगून तुम्हाला बायकांच्या वॉर्डात बंदी करायची, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, "बाई, ही स्टॉप म्हणून राहिली."

मला कळेना. तुम्ही समजावून सांगितलंत. साचेखात्यात शंभर साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात कोणाचं काही ऐकू येत नाही, तिथे एकमेकांचे ओठ वाचावे लागतात. तुमचा डावा कान तिथेच गेला, म्हणून तुम्ही मान तिरपी करत होता. ते मला त्या दिवशी कळलं, नोकरीला लागल्यानंतर वर्षभरानं. आणि ओठ वाचून जे मिळालं ते कंडक्टरशिवाय दुसऱ्या कोणाला उमगलं नसतं. दिघोरी, विहीरगाव, पाचगाव, आणि पुढे कुहीकडची लहानसहान नावं, एकामागून एक, बस थांबते त्याच क्रमानं. तिला नागपूरला आणलं तेव्हा तिनं रस्ता पाठ केला होता. अकरा वर्षं ती तो उलटा म्हणत होती, म्हणजे घराकडे जाताना लागतो तसा.

शेवटच्या नावावर तुम्ही तिचं गाव काढलंत. मी तिथे पत्र टाकलं. उत्तर आलं, या नावाची बाई आमच्या घरात नाही. दुसरं टाकलं, तेच उत्तर. तुम्ही दोनदा एकटे जाऊन आलात, तिसऱ्यांदा तिला घेऊन गेलात आणि संध्याकाळच्या गाडीनं परतून रजिस्टरात लिहिलंत, 'घरी पोचवली.'

मला झोप लागली नाही. ज्या घरानं दोनदा नाही म्हटलं, ते तिसऱ्यांदा हो कसं म्हणतं? आणि तुम्ही एरवी दोन-दोन दिवस मुक्काम करणारे, त्याच दिवशी परत कसे? तिला कुठल्यातरी देवळाच्या पायरीवर बसवून तुम्ही गाडी पकडली असेल, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. चौथ्या दिवशी मी कोणालाही न सांगता कुहीची एस.टी. धरली. पुढे धानाच्या बांध्यांमधून पायी.

नवऱ्याच्या घरी गेले. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. तो म्हणाला, गिरजा मेली. त्याच्या भावानं सांगितलं, आम्हाला माहीत नाही. मला काय वाटलं ते खरं सांगते, शामराव. वाईट वाटलं नाही. आनंद झाला. माझा संशय खरा निघाला याचा आनंद. परत जाऊन डॉक्टरांपुढे मी काय-काय बोलणार ते शब्दही जुळवले.

मग गावाच्या टोकाला एका झोपडीपुढे ती दिसली, रोवण्यासाठी धानाच्या रोपांची पेंडी बांधत बसलेली. शेजारी तिची सासू. डोळ्यांनी अधू झालेली, लेकांपासून वेगळी निघालेली म्हातारी. मी कोण ते सांगितल्यावर म्हातारी खुलून बोलली. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा कोणाच्याच घरी गेला नाहीत म्हणे. पारावर बसून अर्धा दिवस सिनेमाच्या गोष्टी सांगितल्यात. टुरिंग टॉकीजचा भोंगेवाला म्हणून दोघा-तिघांनी तुम्हाला ओळखलंही. दुसऱ्यांदा आलात ते बेलीफ असताना गुपचूप निरोप द्यायचात तसे, पुढच्या दाराशी गेलाच नाहीत, मागच्या अंगानं बायकांपाशी गेलात. "त्यानं इचारलं," म्हातारी म्हणाली, "गिरजाबिगर कोणाचं अडलं आहे का या गावात? मी म्हटलं, माह्यं अडलं आहे."

मी परत आले. पण जुळवलेले शब्द वाया जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. तुम्हाला समोर उभं केलं आणि म्हटलं, रजिस्टरात 'घरी' लिहिलं आहे, ते खोटं आहे. तिचं घर ते नाही. तुम्ही म्हणालात, खोटं नाही, तिला तिथे घर आहे. मी म्हटलं, नियमाप्रमाणे नवऱ्याचं किंवा बापाचं. तुम्ही म्हणालात, नियमाप्रमाणे तर तिला अकरा वर्षं त्या खिडकीतच बसवलं होतं. आवाज चढले. आणि मग तुम्ही एकदम शांत होऊन विचारलंत, "बाई, एक सांगा. तुमचा संशय माह्यावर आहे, का माह्या वस्तीवर?"

मी कपाटाची किल्ली शोधायला लागले.

उत्तर मला माहीत होतं, शामराव. रेशन ऑफिसात असताना तपासणीला मी तुमच्या वस्तीत जितक्या वेळा गेले, तितक्या वेळा धरमपेठेत गेले नव्हते. दोन्हीकडे खोटी कार्डं होती. धरमपेठेत मला पंख्याखाली बसवून सरबत देत, आणि तुमच्या वस्तीत मी डबे उघडून पाहत असे. तुमच्या कागदावर पत्ता वाचला होता तेव्हाच, नोकऱ्यांची यादी वाचायच्या आधीच, माझ्या हातात पेन्सिल आली होती. हे मी तेव्हा म्हणाले असते तर आपलं भांडण तिथेच मिटलं असतं, किंवा कायमचं झालं असतं. तुम्ही पुढच्या माणसाचं नाव घेऊन निघून गेलात. सरपंचाच्या सह्या मात्र त्यानंतर तुम्ही आणल्या नाहीत आणि मीही मागितल्या नाहीत.

माझा संशय नेहमीच वाया गेला असं नाही. उमरेडकडच्या त्या शेतकऱ्याला न्यायला त्याचे दोन भाऊ आले होते, रडत, पाया पडत. तुम्ही त्याचं सामान बांधायला घेतलं होतं. मी पाहत होते की आल्यापासून त्यांनी एकदाही 'तो कसा आहे' असं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, तो शहाणा झाल्याचा कागद मिळेल ना. मी कागद द्यायचा दोन दिवस लांबवला. तिसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. नंतर तुम्हीच गावातून कळवलंत की शेत विकायला त्यांना त्याचा अंगठा हवा होता आणि वेड्याचा अंगठा चालत नाही. त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी कोपऱ्यावरून चहा घेऊन आलात आणि म्हणालात, "रेशन ऑफिस कामी आलं, बाई." मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यातून माझं नुकसान झालं. माझं नाही, नामदेवचं.

नामदेवचा भाऊ आला तो पुढच्या पावसाळ्यात. चिखलानं पाय माखलेले, हातात कापडी पिशवी. म्हणाला, माझा मोठा भाऊ इथे आहे, घेऊन जायला आलो. ओळखीचा कागद? नाही. रेशन कार्ड? घरी आहे. सरपंचाचं पत्र? ते लागते हे माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात ते दोघे भाऊ ताजे होते. मी म्हटलं, कार्ड घेऊन या. त्यानं पिशवीतून नव्या वहाणा काढून दाखवल्या. नामदेवसाठी आणल्या होत्या. तुम्ही त्या हातात घेऊन पाहिल्यात, मला बाजूला बोलावलंत आणि म्हणालात, "हा खरा आहे, बाई. देऊन टाकू." मी विचारलं, कशावरून? तुम्ही म्हणालात, ज्याले फक्त अंगठा पाहिजे तो पायाचं माप आणत नाही.

मी कार्डावर अडून बसले. तो हात जोडून गेला. नद्या भरल्या होत्या, वाटा बंद होत्या, तो कार्ड घेऊन परत आला तोवर दीड महिना झाला होता. नामदेव त्याच्या नऊ दिवस आधी काविळीनं गेला होता. घरी कळवायला आपल्याकडे पत्ता नव्हता, कारण मी तोंडी विचारला नव्हता आणि पत्ता त्या कार्डावर होता.

तो आपल्या ऑफिसच्या पायरीवर बसला. कार्ड त्यानं माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं आणि, शामराव, सवयीनं उघडून वाचलं. नाव बरोबर होतं. तुम्ही त्याच्याशेजारी जाऊन बसलात. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. मग त्याला गाडीवर बसवून आलात, आपल्या टेबलाशी बसलात आणि दुसरं काम काढलंत.

मी वाट पाहत राहिले. आज बोलाल, उद्या बोलाल. तुम्ही रागावला असता, नोकरी सोडली असती, निदान एकदा माझ्याकडे रोखून पाहिलं असतं तरी मला सोपं गेलं असतं. तुम्ही काहीच केलं नाहीत. मग मी त्या गप्प बसण्यावरही संशय घेतला. हा माणूस मला माफ करून मोठेपणा मिळवतोय, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. आता वाटतं, बेलीफ असताना तुम्ही रोज कोणाच्या तरी दारात वाईट बातमी घेऊन उभे राहत होता. ज्याच्यावर ती कोसळली आहे त्याच्यापुढे किती बोलायचं, हे तुम्ही तिथेच शिकला असाल. हेही माझं अनुमानच. विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत.

शेवटी इस्पितळात भेटायला आले तेव्हा तेच बोलायचं ठरवून आले होते. गिरणीतला कापूस तुमच्या छातीत इतक्या वर्षांनी जागा झाला होता. दोन वाक्यं बोललात की दम लागायचा. मी 'नामदेव' म्हणणार तोच तुम्ही म्हणालात, भिवापूरकडचा दशरथ तयार आहे, त्याचं घर सापडलं आहे, तुमीच जाऊन या. मी म्हटलं, मला नाही जमणार. मी दारात उभी राहिले की लोक कार्ड आणायला आत पळतात. तुम्ही हसलात, त्यानं खोकला आला, खूप वेळ आला. मी पाठीवर हात ठेवला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग नर्स आली आणि मला निघावं लागलं. निघताना 'उद्या येते' म्हटलं. उद्या अशोक आला.

परवा मी दशरथच्या गावी जाऊन आले. दुपारची वेळ. दार अर्धं उघडून एक माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "दशरथ? असा कोणी नाई जी इथं. तुमी घर चुकल्या." चेहरा हुबेहूब दशरथचा. खोटं बोलणारा माणूस डोळे कुठे ठेवतो, हे मला सांगायला नको. मी त्याला तिथल्या तिथे धरू शकले असते. चार प्रश्नांत कबूल करवलं असतं आणि पाचव्याला त्यानं दार लावून घेतलं असतं.

मी म्हटलं, "असेल, चुकले असेन. ऊन फार आहे, जरा टेकते." आणि ओट्यावर बसले.

बसलेल्या बाईच्या तोंडावर दार लावायचं त्याला जमेना. तो आत गेला, बाहेर आला, गोठ्याकडे गेला, परत आला. मला बोलायला काही सुचत नव्हतं, शामराव. तुम्ही असता तर सिनेमाची गोष्ट सांगितली असती. मला एकही धड येत नाही. मग आतून एक म्हातारी पाण्याचा लोटा घेऊन आली. माझ्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली. लेक गोठ्याकडे वळलेला पाहून हळूच म्हणाली, "तो आता रातचा झोपते का, बाई?"

मी तिच्याकडे पाहिलं. दशरथला मी दोनदाच भेटले होते, दोन्ही वेळा दिवसा. रात्रीचं मला काही माहीत नव्हतं.

"झोपते," मी म्हटलं. "पडला की झोपते."

ती माझ्या शेजारी ओट्यावर बसली आणि रडायला लागली. मुलगा परत आला, आईला पाहिलं आणि दार पूर्ण उघडून आत चहा ठेवायला सांगितलं.

मंगळवारी दशरथला घेऊन जायचं आहे. परत आल्यापासून रोज वाटतं, वॉर्डात जाऊन रात्रपाळीच्या माणसाला एकदा विचारून घ्यावं. अजून विचारलेलं नाही.